रेषेवर राहिलेला मेहुणा

क्लिफर्ड ऑगलचा धंदा मेलेल्या माणसांना सावकाश नेण्याचा होता आणि छंद जिवंत मेहुण्याला जोरात नेण्याचा. सोमवार ते शनिवार तो काळा कोट चढवून काळी लांबलचक गाडी अशा चालीनं हाकायचा की मागून चालणाऱ्या विधवेला धाप लागू नये. रविवारी तोच माणूस अंगाला घट्ट चामडं चढवायचा, साठ सालच्या एका तीनचाकी राक्षसिणीवर गुडघे टेकायचा आणि यॉर्कशरच्या टेकड्यांतून असा सुटायचा की त्याचीच पुढची गिऱ्हाईकं कुंपणाला धरून बघत राहायची. गावात म्हणायचे, ऑगलच्या काळ्या गाडीत काय, एकदा सगळ्यांनाच बसायचंय. रविवारच्या लाल गाडीवर चढायला मात्र मेहुणा नॉरिसच पाहिजे.

लाल गाडीचं नाव मिल्ड्रेड. क्लिफर्डच्या एका आत्याचं नाव होतं ते. आत्याही अशीच होती म्हणे, गारठ्यात सुरू व्हायची नाही आणि सुरू झाली की थांबायची नाही. मिल्ड्रेडला साइडकार होती, पण गादी आणि काच असलेली नव्हे. शर्यतीच्या गाडीला डाव्या अंगाला नुसता एक पाट असतो. दाराएवढा, जमिनीपासून वीतभर उंच, आणि धरायला दोन-तीन मुठी. त्यावर बसायचं नसतं. डावं वळण आलं की मुठीला लोंबकळून इतकं बाहेर झुकायचं की कान रस्त्याला घासावा. उजवं आलं की चालवणाऱ्याच्या पाठीमागून मागच्या चाकावर अंग टाकायचं. हे जमलं नाही तर तिसरं चाक आभाळाकडे बघायला लागतं. चालवणाऱ्याला मागे वळून पाहायला सवड नसते. पाटावरचा माणूस कुठे आहे हे त्याला बुडाखालून कळतं.

पाटावर नॉरिस ब्लँचर्ड असायचा. क्लिफर्डची धाकटी बहीण एनिड, तिचा हा नवरा. त्याचं मासे आणि बटाटे तळायचं दुकान होतं, आणि तळलेल्यातला निम्मा माल तो चवीची खात्री करण्यात संपवायचा. वीस-बावीस वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा पाटावर चढला तेव्हा काडी होता. आता ऊन तापलं की मिल्ड्रेडच्या मागून येणाऱ्यांना भूक लागते, अशी तक्रार गॉर्डन स्पिंकनं जुन्या गाड्यांच्या क्लबाकडे केली होती. स्पिंक डुकरं पाळायचा आणि दर वर्षी स्केल्बीच्या शर्यतीचा चषक घरी न्यायचा. नॉरिसनं लगेच उलट तक्रार ठोकली की स्पिंकच्या मागून जाताना ती भूक मेलेली असते. क्लबानं दोन्ही तक्रारी योग्य ठरवल्या.

दोघांच्या दोन रीती ठरलेल्या होत्या. जुन्या गाड्यांच्या शर्यतीत इंजिनं बंद ठेवून उभं राहायचं, झेंडा पडला की दोघांनी मिळून गाडी ढकलत पळायचं. इंजिन धडधडलं की चालवणारा चढतो, पाटावरचा आणखी चार पावलं ढकलतो आणि मग उडी मारून पुढची मूठ पकडतो. नॉरिस पाटावर पडला की क्लिफर्डच्या कुल्ल्यावर एक सणसणीत थाप मारायचा. थाप म्हणजे 'आलो'. थाप पडेपर्यंत क्लिफर्ड इंजिन पुरतं मोकळं सोडायचा नाही. दुसरी रीत नॉरिसची एकट्याची. शर्यतीच्या दिवशी झेंडा पडेस्तोवर तो पाटाला आणि मुठींना हात लावायचा नाही. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही. मागून ढकलायचं, आणि पहिला स्पर्श उडीतच करायचा. डोळे मिटून मारली तरी मूठ हातात यायची, कारण ती मूठ त्याच्याच हाताच्या मापानं बसवलेली होती.

आणि या सगळ्या खटाटोपाचं फळ? चौथा नंबर. दर वर्षी चौथा. पहिल्या तिघांना चषक, ढाली, फुलांचे हार. चौथ्याशी अध्यक्ष हात मिळवतात. नॉरिसला त्याचं काही वाटायचं नाही. तो म्हणायचा, "अध्यक्षांचा हात मऊ आहे. वर्षातून एकदा धरायला बरा."

क्लिफर्डला मात्र वाटायला लागलं होतं. पासष्टी ओलांडली, डोळ्यांच्या डॉक्टरनं दोनदा भुवया उंचावल्या, तेव्हापासून त्याला तो चषक झोपेत दिसायचा. एकदा, फक्त एकदा स्पिंकला मागे टाकायचं. मिल्ड्रेड ठणठणीत होती. स्वतः तोही फार बिघडलेला नव्हता. उरला तो पाट. नॉरिसचा गुडघा उतारावर कुरकुरायचा, आणि वजन, ते तर सगळ्यांना दिसतच होतं. पाटावर दुसरं कुणीतरी हवं, हे क्लिफर्डच्या मनात पक्कं झालं. आता ते नॉरिसला सांगायचं तेवढं बाकी होतं.

तिथंच घोडं अडलं. खरं तर अवघड गोष्टी मऊ करून सांगण्यावर या माणसाचं पोट होतं. ज्या घरात कुणी बोलायला धजत नाही त्या घरात जाऊन तो असं बोलायचा की लोक रडता रडता चहा विचारायचे. पण मेहुण्यापुढे उभं राहिलं की त्याच्या तोंडून कारब्युरेटरखेरीज काही निघायचंच नाही.

शेवटी त्यानं एनिडला गाठलं. ती दुकानामागे बटाटे सोलत होती.

"तू बघ ना जरा बोलून त्याच्याशी. गुडघ्याचं निमित्त काढून."

"मी?" एनिडनं सोलणं थांबवलं नाही. "गुडघ्याचं मी रोज बोलते. पण त्याच्या जागी तुला दुसरं कुणी हवंय, हे तू बोल. मी बोलले तर तो माझ्यावर फुगेल, आणि मला त्याच्यासोबत जेवावं लागतं."

"त्याला वाईट वाटेल गं."

"वाटेल की. दोन दिवस तोंड पाडेल, तिसऱ्या दिवशी माझ्यासोबत खुर्ची टाकून तुझ्या चुका मोजायला बसेल. त्याला पाटावरून उतरवलंस म्हणून तो मरणार नाही, क्लिफ. पण सरळ सांग. मागल्या दारानं काही करू नकोस. लहानपणापासून तुझी खोड आहे ती."

"शर्यत झाली की सांगतो," क्लिफर्ड म्हणाला. "एवढी स्केल्बी होऊ दे."

आता बेथनची गोष्ट. बेथन प्रॉसर ही वेल्सकडची पोरगी, तिशीची, कौलं शाकारायचा धंदा. चर्चच्या कळसावर ती एका हातानं लोंबकळून दुसऱ्या हातानं सँडविच खाताना क्लिफर्डनं पाहिली होती. तो तेव्हा खाली एका शांत गिऱ्हाइकाला घेऊन उभा होता. प्रार्थना चालू असताना त्याची नजर वरून हलली नाही, आणि घरच्यांना वाटलं, काय हा भाविक माणूस. दुसऱ्याच दिवशी त्यानं तिला विचारलं. ती म्हणाली, "मजा येईल. पण नॉरिसचं काय?"

"त्याच्या कानावर घातलंय," क्लिफर्ड म्हणाला.

ते खोटं इतकं सहज निघालं की त्याला स्वतःलाच आपला हेवा वाटला. म्हणून तर ते त्याच्या चांगलं लक्षात राहिलं.

स्केल्बीला शनिवारी सराव आणि रविवारी शर्यत असायची, म्हणून वर्षातला तेवढा शनिवार क्लिफर्डची काळी गाडी घरी राहायची. त्या शनिवारी सराव उरकला. नॉरिस पाटावर नेहमीसारखाच उलटासुलटा झाला, चढावर नेहमीसारखीच मिल्ड्रेड दमली, वेळ नेहमीसारखीच चौथी आली. दुपारी नॉरिस आणि एनिड नातीच्या बारशाला निघून गेले. जाताना नॉरिस म्हणाला, "मिल्ड्रेडला नीट झाकून ठेव, रात्री दव पडतं." आणि चार पावलं पुढे जाऊन परत फिरून म्हणाला, "आणि तूही काहीतरी अंगावर घे."

ते गेले. उन्हाळ्यातली संध्याकाळ, उजेड कितीतरी वेळ रेंगाळणारा. ट्रॅकपलीकडे युद्धातल्या विमानांची जुनी धावपट्टी होती, आता तिथं मेंढ्या चरायच्या. क्लिफर्डनं मिल्ड्रेड व्हॅनमध्ये घातली, बेथनला सोबत घेतलं आणि मेंढ्या बाजूला हाकलल्या. नुसतं बघायचं, एवढंच तो मनाशी म्हणत होता. नुसतं बघायला काय हरकत आहे.

बेथनचा हात पुढच्या मुठीपर्यंत पोचेना. नॉरिस लांब हातांचा माणूस होता. क्लिफर्डनं पाना काढला, मुठीचा क्लॅम्प ढिला केला आणि मूठ चार बोटं मागे सरकवली. एवढंच केलं त्यानं. मग ते दोघं निघाले, आणि पहिल्याच वळणाला क्लिफर्डला कळलं की गेली कित्येक वर्षं तो एक गाडी आणि एक दुकान मिळून चालवत होता. मिल्ड्रेड पाण्यासारखी वळली. धावपट्टीच्या टोकाला पोचून त्यानं गाडी फिरवली आणि तेच वळण पुन्हा घेऊन बघितलं. मेंढ्यासुद्धा चरायचं सोडून बघत होत्या, असं तो नंतर कधीतरी कुणाला तरी म्हणाला. त्यातलं किती खरं, ते मेंढ्या जाणोत.

परत आल्यावर त्यानं मूठ पुढे सरकवली आणि क्लॅम्प आवळला. पट्टी घेतली नाही, खूण शोधली नाही. चाळीस वर्षं उभ्या माणसाकडे नुसतं बघून शवपेटीचं माप सांगणारा तो माणूस. डोळ्यांनी अंदाज घेतला, नॉरिसची मूठ इथंच होती, झालं. ज्या डोळ्यांसाठी डॉक्टरनं दोनदा भुवया उंचावल्या होत्या, त्याच डोळ्यांनी.

मूठ एक बोट मागे राहिली आणि जराशी फिरलेली राहिली.

रविवारी सगळं आवार चहा, तळलेलं डुकराचं मांस आणि इंजिनांतल्या एरंडेलाच्या जळक्या वासानं भरलं होतं. स्पिंक मुद्दाम वाट वाकडी करून आला.

"काय क्लिफर्ड, आज तरी पेटी घरी ठेवून आलास का? का आजही मयतीच्याच चालीनं?"

"तुझं माप घेऊन ठेवलंय, गॉर्डन," क्लिफर्ड म्हणाला. "रुंदीला जरा जास्त लाकूड लागेल."

नॉरिस हसला, कोटाच्या खिशात हात घालून उभा राहिला, आपल्या रीतीप्रमाणे मिल्ड्रेडपासून हातभर लांब. बारशातल्या केकचा एक तुकडा कागदात गुंडाळून त्यानं क्लिफर्डसाठी आणला होता. "नातीनं चर्चमध्ये असा गळा काढला," तो म्हणाला, "की मला वाटलं, हिला पाटावर घ्यावी. पुढच्याला बाजू द्यायला लावेल नुसत्या आवाजानं." क्लिफर्डनं केक खाल्ला. तोंड भरलेलं होतं म्हणून बोलावं लागलं नाही, याचं त्याला बरं वाटलं.

सगळे रेषेवर आले. इंजिनं बंद. अशा वेळी पक्ष्यांचे आवाज ऐकू येतात. एनिड कुंपणापाशी खुर्ची टाकून मांडीवर चहाचा थर्मास घेऊन बसली होती. झेंडा पडला.

दोघांनी ढकललं. पाच-सहा पावलांतच मिल्ड्रेडनं हाक दिली, इतक्या लवकर तिनं आयुष्यात कधी दिली नव्हती. क्लिफर्डनं गुडघे टेकले. मागे नॉरिसची पावलं धपधपली, मग पावलांचा आवाज थांबला, म्हणजे उडी मारली. आणि थाप पडली नाही.

इथं क्लिफर्डनं काय करायला हवं होतं हे त्याला ठाऊक होतं. वीस-बावीस वर्षं ठाऊक होतं. पण डावीकडे स्पिंक अजून ढकलत होता, उजवीकडे कुणीच नव्हतं, पुढे तर साक्षात रिकामा रस्ता होता. इतका रिकामा रस्ता त्यानं शर्यतीत कधी बघितलाच नव्हता. त्याच्यापुढे नेहमी तिघांचे पार्श्वभाग असायचे. मिल्ड्रेड हलकी होती, कालच्यासारखी हलकी. बुडाखालून जे कळायचं ते त्याला कळलं. कळलं, आणि त्यानं ॲक्सिलरेटर पिळला.

पहिल्या वळणापर्यंत क्लिफर्ड ऑगल स्केल्बीच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे होता. आणि, देवाशपथ, तेवढा वेळ तो सुखात होता.

मग डावं वळण आलं. पाट आभाळाकडे निघाला. पुढची कथा गावात सात-आठ तऱ्हांनी सांगतात. कुणी म्हणतं, तो दोन चाकांवर अख्खं वळण काढून गेला. कुणी म्हणतं, तो उडी मारून स्वतःच पाटावर लोंबकळला आणि मिल्ड्रेडनं वळण एकटीनं घेतलं. महिला मंडळाच्या तंबूतून आरपार जाऊन दुसऱ्या बाजूनं निघाला तेव्हा त्याच्या मांडीवर लिंबाचा केक होता आणि त्याचा एकही काप मोडलेला नव्हता, असं तर शपथेवर सांगणारे लोक आहेत. खरं इतकंच की तो गवतात घुसला, गवताच्या भाऱ्यांत रुतला आणि इंजिन बंद पडलं. केक होता, पण जमिनीवर.

त्यानं मागे बघितलं तेव्हा रेषेच्या जरा पुढे, भर रस्त्यात नॉरिस बसलेला होता. एक हात पोटाशी धरून. गाड्या त्याच्या दोन्ही बाजूंनी गेल्या होत्या. स्पिंकनं तर त्याला चुकवायला आपली गाडी आडवी घातली आणि वर्षानुवर्षांत पहिल्यांदा चषक घालवला. तेवढं त्या डुकरंवाल्याचं नाव घ्यायलाच हवं. सावधानतेचे पिवळे झेंडे फडकले. लोक हसत होते, कारण बसलेला नॉरिस दुसऱ्या हातानं क्लिफर्डला टाटा करत होता.

खांद्याचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलमध्ये नॉरिसच सगळ्यांना हसवत होता. "वीस वर्षं मी वजन कमी करतो म्हणत होतो," तो नर्सला सांगत होता, "यानं एका झटक्यात करून दाखवलं." क्लिफर्ड खाटेच्या पायाशी काळा कोट घालून उभा राहिला. धंद्याच्या सवयीनं हात पुढे बांधून उभा होता, म्हणून शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं त्याला जरा लांब उभं राहायला सांगितलं.

पंधरवड्यानं नॉरिस गळ्यात हात अडकवून क्लिफर्डच्या कारखान्यात आला. एका भिंतीला पेट्या उभ्या केलेल्या, दुसऱ्या भिंतीला मिल्ड्रेड. क्लिफर्ड एका झाकणाला पॉलिश करत होता.

"बस. चहा टाकतो."

"नको. तिला बघायला आलो." नॉरिस मिल्ड्रेडच्या डाव्या अंगाला गेला. कुरकुरणारा गुडघा वाकवून पाटाशेजारी बसला आणि चांगल्या हातानं पुढची मूठ धरली. धरली, सोडली, डोळे मिटून पुन्हा धरली. मग तळहात उघडून त्याच्याकडे बघितलं, जणू त्यावर काहीतरी लागलंय.

"क्लिफ, ही सरकली आहे."

"सरकली?"

"बोटभर मागे आहे. आणि वळली आहे जरा. उडीत माझी बोटं तिच्या पाठीवर आपटली. मला वाटलं, माझंच चुकलं." तो अजून तळहाताकडेच बघत होता. "कुणी हात लावला होता का हिला?"

पॉलिशच्या फडक्याखाली झाकणातलं लाकूड लखलखत होतं, त्यात क्लिफर्डला स्वतःचा चेहरा दिसत होता. सांगायची वेळ ती होती. पोटात सगळं तयार होतं, बेथन, मेंढ्या, चार बोटं, सगळं. मऊ शब्दांची अख्खी पेटी भरून होती. तो म्हणाला,

"क्लॅम्प ढिला झाला असेल. कंपनानं होतं असं."

नॉरिसनं अंगठ्यानं क्लॅम्प दाबून बघितला. तो असा आवळलेला होता की पान्याखेरीज हलला नसता.

"असेल," नॉरिस म्हणाला. उठायला त्याला जरा वेळ लागला. "तसंही माझा गुडघा आता साथ देत नाही. तू पाटावर कुणीतरी हलकं बघ. ती कौलं शाकारणारी पोरगी आहे ना, चर्चवरची. ती चांगली वाटते."

त्या क्षणी क्लिफर्डचा जीव भांड्यात पडला. हेच त्याला पुढे जास्त डाचत राहिलं. खोटं बोललो त्याचं एक वेळ काही वाटलं नसतं. पण आपल्याला आता सांगावं लागणार नाही म्हणून छाती मोकळी झाली, आणि तो मोकळा श्वास नॉरिसला ऐकू गेला असावा, कारण दाराशी तो थांबला आणि म्हणाला, "झालं ना मग." एवढंच. रागानं नाही. दुकानात शेवटच्या गिऱ्हाइकाला पुडी देताना म्हणावं तसं.

पुढच्या वर्षी क्लिफर्ड आणि बेथन स्केल्बीला पहिले आले. हार मिळाला, चषक मिळाला, स्पिंकनं डोक्यावरून टोपी काढली. नॉरिसनं कुंपणापाशी उभं राहून चांगल्या खांद्यानं टाळ्या वाजवल्या, म्हणजे मांडीवर हात आपटला. बेथन हार घेऊन धावत त्याच्याकडे गेली आणि तिनं तो त्याच्या गळ्यात घातला.

"हा निम्मा तुमचा," ती म्हणाली. "तुम्ही मनानं जागा दिलीत म्हणून. त्या शनिवारी धावपट्टीवर मी क्लिफला दहादा विचारलं होतं, नॉरिसला चालेल ना."

नॉरिस हसला. "चालेल की," तो म्हणाला. "कधीच चाललं होतं."

क्लिफर्ड चषक बगलेत धरून दोन पावलांवर उभा होता. एनिडनं थर्मासचं झाकण लावलं आणि त्याच्याकडे न बघता हळूच म्हणाली, "आता तरी बोल. त्याला माहीत आहे रे. त्या दिवशी कारखान्यातून आला तेव्हाच माहीत होतं. पण तू सांगेपर्यंत आपल्याला माहीत नाही, असंच तो धरून चालणार आहे. तेवढी वाट तो बघतोय."

"सांगतो," क्लिफर्ड म्हणाला. "घरी गेल्यावर."

जानेवारीत क्लबाचं जेवण असतं, रविवारी दुपारी, 'नांगर' नावाच्या पबच्या मागल्या खोलीत. भाजलेलं बीफ, फुगलेलं पुडिंग, वाटाण्यांचा लगदा, आणि मग गोष्टी. त्या जानेवारीत सगळ्यांनी नॉरिसला उठवलं. रेषेवर राहिलेल्या मेहुण्याची गोष्ट त्याच्याच तोंडून हवी होती. नॉरिस ग्लास घेऊन उभा राहिला आणि त्यानं ती अशी रंगवली की स्पिंकच्या नाकातून बिअर आली. केक आला, तंबू आला, महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई मिल्ड्रेडच्या मागच्या चाकावर बसून निघाल्या. आणि मग तो म्हणाला,

"आता तुम्ही विचाराल, वीस वर्षं जी मूठ चुकली नाही ती त्या दिवशीच कशी चुकली?"

इथं तो थांबला. ग्लासातून एक घोट घेतला आणि लांबवर बसलेल्या क्लिफर्डकडे बघितलं. नजरेत काही आरोप नव्हता. नाचात जोडीदारासाठी बाजूला सरकून जागा करतात, तसं काहीतरी होतं. सगळी खोली क्लिफर्डकडे वळली, पुढचा विनोद त्याच्याकडून येणार म्हणून. क्लिफर्डनं पुडिंगचा तुकडा कापला. पुडिंग इतकं बारीक कापायची गरज नसते.

"तर ऐका," नॉरिस पुढे म्हणाला, "आदल्या दिवशी नातीच्या बारशाला मी लोण्याचा केक खाल्ला होता, आणि हात नीट धुतले नव्हते." खोली कोसळली.

दुसऱ्या वर्षीही तसंच झालं. गोष्ट वाढली होती, अध्यक्षीणबाईंनी आता वळणावर लोंबकळायलाही सुरुवात केली होती. पण त्या जागी आल्यावर नॉरिस थांबला, घोट घेतला, बघितलं. क्लिफर्डनं या खेपेला तोंड उघडलंसुद्धा. "मोहरी इकडे द्या," असं त्यातून निघालं. तिसऱ्या वर्षी तो घरून निघतानाच ठरवून आला होता. वाक्य तयार होतं, आरशापुढे म्हणूनही झालं होतं: मूठ मी हलवली होती, नॉरिस, आदल्या संध्याकाळी. एवढंसं वाक्य. पण नॉरिस थांबला तेव्हा बेथन शेजारीच हसत बसली होती, स्पिंक बसला होता, समोर जेवणापुरत्या आणून ठेवलेल्या चषकाच्या बुडावर क्लिफर्डचं नाव कोरलेलं होतं. आणि क्लिफर्डला वाटलं, घरी सांगू. घरी, दोघांतच, जास्त बरं.

घरी नॉरिसनं आता कांद्यापातीसारखी ती जाड लीकची भाजी लावली होती, गावच्या प्रदर्शनासाठी. क्लिफर्ड रविवारी जायचा. दोघं वाफ्याशी उभे राहून लीककडे बघायचे. नॉरिस खतांबद्दल बोलायचा. क्लिफर्डला खतांबद्दल आता खूप काही माहीत झालंय.

अशीच आणखी काही वर्षं गेली. मग या जानेवारीतलं जेवण. क्लिफर्डनं चालवणं सोडून आता वर्ष झालं. डॉक्टरनं या खेपेला भुवया उंचावल्या नाहीत, नुसती मान हलवली. मिल्ड्रेड बेथनला दिली. ती चालवते, तिच्या पाटावर तिची धाकटी बहीण असते, आणि दोघी चौथ्या येतात. क्लिफर्ड जेवायला आला तो खरोखरच हलका होऊन आला होता. आता जपायला काही उरलं नव्हतं. चषक दुसऱ्यांकडे गेलेला, गाडी दुसऱ्यांकडे गेलेली. यंदा नॉरिस थांबला की उठून उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर बोलायचं. त्यानं बिअरसुद्धा अर्धीच घेतली. एनिडनं ते बघितलं आणि टेबलाखालून त्याचा हात दाबला.

नॉरिसला उठवलं. नॉरिस आता बारीक झाला होता, दुकान विकल्यापासून अंगावरचं उतरलं होतं. पाटावर आज अगदी शोभला असता. त्यानं ग्लास उचलला. गोष्ट चालू झाली. झेंडा पडला, मिल्ड्रेडनं हाक दिली, पावलं धपधपली. क्लिफर्डनं खुर्ची मागे सरकवली, तळवे टेबलावर ठेवले.

"आता तुम्ही विचाराल, ती मूठ त्या दिवशीच कशी चुकली," नॉरिस म्हणाला, "तर लोणी. नातीच्या बारशातलं लोणी. आणि मग आमच्या अध्यक्षीणबाई..."

तो थांबला नाही. त्या जागेवरून तो असा पुढे गेला जसं तिथं कधी काही नव्हतंच. मुद्दाम नाही, ते क्लिफर्डला स्पष्ट दिसलं. इतकी वर्षं सांगून सांगून त्या गोष्टीतलं ते भोक भरून आलं होतं. म्हातारा नॉरिस खुशीत होता, डोळे पुसत हसत होता, आणि त्याच्या गोष्टीत लोणी आता खरं झालं होतं.

क्लिफर्ड अर्धवट उठलेला तसाच राहिला.

"काय रे क्लिफ?" पलीकडून स्पिंक ओरडला. "तंबूत जायचंय का परत?"

"काही नाही," क्लिफर्ड म्हणाला. "पाय आखडला जरा."

आणि तो खाली बसला, आणि बाकीच्यांबरोबर त्यानं गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. यंदा त्या लिंबाच्या केकवर मेणबत्त्या होत्या, आणि त्यातली एकही विझली नव्हती.